रडक्या बाजाची विल्हेवाट

श्री

मी जीवराम सुपडू झोपे, वय अदमासे बासष्ट, धंदा बँड वाजवणे, मूळ राहणार बोदवड, जिल्हा पूर्व खानदेश, हल्ली मुक्काम देवपूर, धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश, हा कागद आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीतला दम संपत आला आहे, डोके शाबूत आहे. सकाळीच दुधात पाणी घातलेले मी एका घोटात ओळखले आणि दूधवाल्याला दारातून परत पाठवले, याला शेजारी साक्ष आहेत. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक घातलेला नाही की गोड बोलून फसवलेले नाही. माझ्याशी गोड बोलणारे या घरात कोणी नाहीच. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण यापूर्वी मरायचे नव्हते.

साक्षीसाठी शालिग्राम मास्तर आणि माझ्या बँडातला ढोलवाला कौतिक समोर बसले आहेत. मास्तरांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात फक्त मिळकतीचे लिहावे, बाकीचे लिहू नये. मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाई केली. हा कागद माझा आहे.

कलम १. देवपुरातले घर मी माझ्या फुंकरीवर बांधले. पुढच्या दोन खोल्या, ओटा, आणि मागे एक खोली. मागच्या खोलीला बोळात उघडणारे स्वतंत्र दार आहे. त्या दाराचे पुढे कारण पडेल, म्हणून इथे लिहून ठेवतो. बायको वच्छला वारली. ती असती तर हा कागद निम्म्यात आटपला असता, कारण निम्मे तिने मला लिहूच दिले नसते.

कलम २. बोदवडला वडिलांची केळीची बाग आहे, कपाशीचे रान आहे. त्यात माझा हिस्सा होता. तरुणपणी मी केळीच्या गाड्या घेऊन भुसावळच्या स्टेशनावर जात असे. तिथे रेल्वेच्या साहेब लोकांचा नाच चाले आणि फर्नांडिस नावाचा गार्ड सॅक्सोफोन वाजवी. माझ्या गाडीची केळी काळी पडेपर्यंत मी त्या खिडकीखाली उभा राहिलो. पुढे त्यानेच मला आत बोलावून आधी क्लॅरिनेट आणि मग सॅक्सोफोन शिकवला. घरी कळले तेव्हा थोरला भाऊ लीलाधर भर पंगतीत म्हणाला, "वाजंत्र्याच्या हातचं पानी आमच्यात कोनी पेत नही." मी भरलेला तांब्या तिथेच ठेवला आणि धुळ्याला आलो. हिस्सा त्याने ठेवून घेतला.

तरी भावाला मी विसरलेलो नाही. माझ्या सॅक्सोफोनच्या पोटात वाजवताना थुंकी साचते. ती पुसायचे एक फडके पेटीत आहे, माझ्या तोंडचे पाणी त्याने वर्षानुवर्षे प्यायले आहे. ते फडके न धुता लीलाधरच्या हातात द्यावे. रीतसर पोच घ्यावी.

कलम ३. माझा एकुलता मुलगा अभिमन यास बँडाचे सगळे सामान, म्हणजे ढोल, ताशे, तुतार्‍या, झांजा, गॅसच्या बत्त्या आणि "जीवराम ब्रास बँड" असे लिहिलेली पाटी मिळेल. पाटीवरचे नाव बदलू नये. त्याच्या नावाला कोणी सुपारी देणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्याही त्याच्याच. मात्र त्या कलम ८ पाळले तर.

सॅक्सोफोन या सामानात धरू नये.

कलम ४. माझा पितळी गुंड्यांचा लाल लोकरी कोट अभिमनला द्यावा. तो त्याला खांद्यात ढगळ होईल. होऊ दे. शिंप्याकडून आत घेतला तर मला वर कळेल.

कलम ५. आता मुख्य गोष्टीवर येतो. बाजा बदलायचा की नाही.

हा सॅक्सोफोन फर्नांडिस गार्डाच्या बापाचा, म्हणजे माझ्याहून फार लहान नाही. सत्तेचाळीस साली गार्ड देश सोडून चालला तेव्हा त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि मागे न पाहता गाडीत चढला. आमच्या बँडातली पोरे त्याला वाकडा म्हणतात. मुलामा उडाला आहे, चाव्या खुळखुळतात, आणि वरचा एक सूर फुटका आहे. हा सूर वरातीच्या गाण्यांत लागत नाही, आमच्या पाठवणीच्या चालीत मात्र तीन वेळा लागतो. नवरी गाडीत बसते, चाल वर चढते, आणि त्या सुरावर बाजाचा गळा दाटून येतो. हुंदका द्यावा तसा. मग मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावतात. धुळ्यापासून साक्रीपर्यंत लोक याला जीवरामचा रडका बाजा म्हणतात आणि सुपारी देताना विचारून घेतात, पाठवणीला तोच आणणार ना?

नदीपलीकडच्या भटूने मुंबईहून कोरा सॅक्सोफोन आणला. तोंड पाहावे असा लखलखीत आहे. सिनेमाची गाणी त्यावर सरळ वाजतात, आणि हल्लीची नवरेमुले भटूकडे जातात. माझ्याकडे म्हाताऱ्या येतात. तेव्हापासून अभिमनने माझे कान खाल्ले. मुंबईचा दुकानदार जुना घेऊन नवा देतो. ते नको तर निकेल चढवू. तेही नको तर निदान चाव्यांखालच्या कातडी गाद्या तरी बदलू. मी तिन्हीला नाही म्हटले. मागच्या उन्हाळ्यात त्याने बाजा गोधडीत गुंडाळला आणि मुंबईला जायला स्टेशन गाठले. मी टांगा करून, धापा टाकत मागून गेलो. सगळ्या उतारूंसमोर त्याला गोधडी सोडायला लावली आणि म्हटले, विकायचाच आहे तर आधी वाजवून दाखव, तुझ्याकडून एकदा तरी नीट वाजू दे. त्याने वाजवला. मी लोकांना म्हटले, ऐका, म्हैस व्यायला झाली आहे. लोक हसले.

तेव्हा तो म्हणाला, "आबा, हाऊ बाजा गळस. मी कितला भी दम लावा तरी लोक म्हणतस, जीवराम आबा रडी राह्यना. मना बाजा कव्हय वाजी?"

त्याच्या नावाने बाजा कधी वाजणार, हे बोलला ते खरे होते. म्हणून मी त्याच्या थोबाडीत दिली.

कलम ६. माझी मुलगी पुष्पा. तिचे लग्न एक्कावन्न सालच्या मार्गशीर्षात झाले. वाजंत्र्याची मुलगी म्हणून आमच्या लोकांतले कोणी तिला करायला तयार नव्हते. लीलाधरने तशी बातमी गावोगाव पोचवली होती. शेवटी साक्रीकडचा रुपचंद पुढे आला. बिजवर, कोरडवाहू जमीन, बोलायला तुसडा. पहिली बायको कशाने गेली ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. पोर बघायला आला तेव्हा त्याने बैलाला मारले ते मी ओट्यावरून पाहिले होते. तरी दिली. मुलगी घरात राहिली असती तर लीलाधर जिंकला असता.

होळीनंतर ती हातावर डाग घेऊन आली. उलथन्याचा होता. मी तिला परत पाठवली. पुन्हा आली, पुन्हा पाठवली. शेजारी कोणी एका शब्दाने मला बोलले नाही. उलट तिलाच समजावत, अगं, ज्या बापाचा बाजा तुझ्यासाठी असा रडला तो तुला वाईट ठिकाणी देईल होय? रुपचंदही हेच तिच्या तोंडावर मारतो. तुझ्या बापाने रडून दिली आहे, आता कुरकुर करायची नाही. आणि ती मुकाट भाकरी थापायला बसते.

यंदा भाऊबिजेला ती आली तेव्हा अभिमनने पुन्हा गाद्या बदलायचा विषय काढला. पुष्पा कधी मध्ये बोलत नाही. त्या दिवशी ओवाळणीचे ताट खाली ठेवून माझ्यापुढे बसली.

"आबा, माले घर नको, दार नको, काहीच नको. पण बाजाले हात लावू देऊ नका. त्याम्हा तुम्ही मनासाठे रडेल शेतस. तेवढ्यावर माले बठ्ठं सोसाई जास."

समोर बसलेल्या माणसाने आपल्याच हाताने गळ्याचा फास आवळावा आणि म्हणावे याची ऊब लागते, तसे ते होते. मला किळस आली. मी तिला म्हटले, ताट उचल, दिवा विझला. ती दुसऱ्या दिवशी साक्रीला गेली. त्यानंतर मी हा कागद लिहायचे ठरवले.

कलम ७. पुष्पाला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून हे कलम मास्तरांनी तिला समोर बसवून, सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावे. मध्ये पाणी देऊ नये, पाठीवरून हात फिरवू नये.

पुष्पा, मी तुझ्यासाठी रडलो नाही.

तुझ्या लग्नाआधीच्या खंडेनवमीला सगळा बँड पुजायला मांडला होता. ढोलाला हळदकुंकू वाहिले, ताशांना फुले वाहिली. तू घरात शेवटची नवमी म्हणून हौसेने उठलीस आणि सॅक्सोफोन हौदावर नेऊन चिंच आणि राख लावून समईसारखा घासलास. पितळ म्हणजे चिंच, एवढेच तुला ठाऊक. तुझी आई कौतुकाने बघत राहिली. दोघींतल्या एकीलाही कळले नाही की त्याच्या चाव्यांखाली कातडे आहे. मी बाहेरून आलो तोवर तू तो पुसून, माळ घालून पाटावर ठेवला होतास. सोन्यासारखा दिसत होता. त्या दिवशी वाद्य वाजवत नाहीत, म्हणून मी तोंडाला लावला नाही.

भिजलेले कातडे वाळून कडक झाले. वरच्या चावीखाली चिंचेची एक शीर अडकून राहिली. चावी मिटली तरी फट राहते आणि तिथून हवा निसटते. तुझी पाठवणी ही त्या हंगामातली पहिली पाठवणी. मी चाल वर नेली, हवा निसटली, बाजा हुंदकला. मांडव रडला, तू रडलीस. लग्न उरकल्यावर मी चावी उचलून पाहिली तेव्हा शीर दिसली. काढली नाही. तोवर दोन सुपाऱ्या आल्या होत्या, आणि दोघांनाही रडकाच बाजा हवा होता.

म्हणजे ज्याच्यावर तू सात वर्षे मार खाल्लास तो बापाचा हुंदका नव्हे, तुझ्या हातची चिंच आहे. तूच घासलीस, तूच ऐकलीस आणि तूच भुललीस.

माझ्या गालावर पाणी होते असे कौतिक सांगत फिरतो. तो घाम होता. कोट लोकरीचा आहे.

मी तुझी क्षमा मागत नाही. बिजवराला दिली ती समजून दिली, परत पाठवली ती समजून पाठवली. माझ्यावर उपकार म्हणून त्या घरात राहत असशील तर तो उपकार मला पोचलेला नाही.

कलम ८. वरील कारणास्तव बाजाची व्यवस्था पुढीलप्रमाणे ठरवतो.

बाजा मुंबईला देऊ नये. निकेल चढवू नये. माझ्या तेराव्यानंतर कातड्याचे काम जाणणारा माणूस घरी बोलवावा आणि ओट्यावर, पुष्पासमक्ष, सगळ्या गाद्या नव्या बसवाव्यात. वरच्या चावीखालची चिंचेची शीर पुष्पाने स्वतःच्या बोटांनी काढावी. ती उन्हात ठेवून सर्वांना दाखवावी. नंतर अभिमनने तिच्यासमोर बसून पाठवणीची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी. सूर तिन्ही वेळा स्वच्छ लागला पाहिजे. बाजा रडता कामा नये. पुष्पाने उठून जाऊ नये, कान झाकू नयेत.

हे पार पडले की मागची खोली, बोळातल्या दारासकट, पुष्पाची. तहहयात. दाराला आतून कडी मी या महिन्यात नवी बसवून घेतली आहे, लोहाराला अभिमनने विचारले तरी त्याने कारण सांगू नये असे बजावले आहे. बाहेरच्या कुलपाची किल्ली कौतिककडे आहे. खोलीत चूल घालावी. वच्छलाची भांडी माळ्यावर आहेत, ती तिची.

आणि बाजा अभिमनचा. मग त्याने वाजवावा, बदलावा, मोडावा. त्या दिवसापासून तो रडणार नाही, आणि वाईट वाजला तर लोक त्यालाच हसतील. त्याला हेच हवे होते.

पुष्पाने हे नाकारले, ती आली नाही, किंवा आली आणि चाल संपायच्या आत उठली, तर मागच्या खोलीत बँडाच्या बत्त्या ठेवाव्यात. बाजा तांबटाकडे द्यावा. त्याने तो वितळवून एक कळशी घडवावी आणि ती साक्रीला पुष्पाच्या घरी पोचवावी. रुपचंदच्या विहिरीवरून पाणी भरायला तिला उपयोगी पडेल. कळशी रडत नाही.

तांबट ठरवून ठेवला आहे. थट्टा समजू नये.

मला ठाऊक आहे, अभिमन आता बहिणीच्या दारात जाऊन बसेल, हातापाया पडेल. तिच्या हातावरचा डाग पाहून तो कधी साक्रीला गेला नाही. बाजासाठी जाईल.

कलम ९. जावई रुपचंद यास काहीही नाही. तेराव्याला तो येईल, कारण जेवण आहे. त्याला शेवटच्या पंगतीत बसवावे आणि तूप वाढताना वाढपी पुढे सरकावा. तो "पुष्पाले लई जास" म्हणून तिला न्यायला बोळातल्या दाराशी आला तर कौतिकने ढोलाची काठी सोबत ठेवावी. काठी वापरल्यास तिचा खर्च माझ्या पेटीतून करावा. अभिमनने त्याला पुढच्या दाराने घरात घेतले तर अभिमनच्या दोन खोल्याही त्याच दिवसापासून पुष्पाच्या समजाव्यात. मास्तर म्हणतात असे लिहिता येत नाही. लिहिले आहे.

कलम १०. माझ्या मयताला बँड लावू नये. भटू नव्या सॅक्सोफोनने फुकट वाजवायला येईल आणि गावभर सांगेल. त्याला सांगावे की बाजा घरी ठेव आणि टोपी काढून मागून चाल. पाठवणीची चाल तर कोणीच वाजवू नये. मला कुठे पाठवत आहात, ते मला माहीत आहे.

कलम ११. कौतिकला काय द्यावे हे मला सुचत नाही. एवढी वर्षे तो माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. थंडीच्या लग्नांत मांडवामागे पाचोळा पेटवून ढोल शेकायचा आणि त्याच आगीवर माझी बोटे धरायचा, नाहीतर ती चाव्यांवर वळत नसत. पुष्पाच्या लग्नातही धरली होती. त्याला ढोल द्यावा. तो अभिमनच्या सामानातून वजा करावा.

याप्रमाणे मी हा कागद पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने म्हणवत नाही पण स्वतःच्या मर्जीने लिहिला, वाचला आणि बरोबर असल्याची खात्री केली. खाडाखोड नाही. अंमलबजावणी शालिग्राम मास्तरांनी करावी. त्यांना दया आली तरी अक्षर बदलू नये.

मुक्काम देवपूर, धुळे
गुरुवार, ता. ४ डिसेंबर १९५८

(सही) जीवराम सुपडू झोपे

साक्षीदार

१. (सही) शालिग्राम वना पाटील, निवृत्त शिक्षक, देवपूर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मजकुराशी मी सहमत आहे असे यावरून समजू नये.

२. (सही) कौतिक रुपला, ढोलवाला, देवपूर. मी फक्त सहीना साक्षी शे. कलम सातम्हा जीवराम भाऊनी खोटं लिखेल शे. मी त्यासना बाजूले ढोल लिसन उभा व्हतू. मार्गशीर्षाना हिवम्हा कोठला घाम.

कौतिकने सहीखाली लिहिलेले मी खोडायला सांगितले. त्याने खोडले नाही आणि कागद परत देत नाही म्हणून उठला, तेव्हा तसाच राहू दिला. मात्र मास्तरांना ताकीद आहे की पुष्पाला कागद वाचून दाखवताना माझ्या सहीपाशी थांबावे. कौतिकची ओळ तिला वाचून दाखवू नये. ती ऐकली तर पुष्पा परत साक्रीला जाईल.

(सही) जीवराम